अंगावरचं दूध पुरत नाही, असं ठरवण्याआधी

बाळंतपणाचा तिसरा दिवस. बाळ संध्याकाळपासून रडतंय. अंगावर घेतलं की दहा मिनिटांत डोळे मिटतं, खाली ठेवलं की पुन्हा सुरू. आजूबाजूच्या दोघीतिघी एकमेकींकडे बघतात आणि कोणीतरी बोलून टाकतं, "हिला दूधच नाही." रात्री डब्याचं दूध येतं, बाळ सलग तीन तास झोपतं आणि सगळ्यांची खात्री पटते. पुढच्या आठ-दहा दिवसांत त्या आईचं दूध खरोखरच कमी होतं. स्तनपानाबद्दलचे बरेचसे गैरसमज इथेच येऊन मिळतात, म्हणून आधी दूध तयार कसं होतं ते समजून घेऊ.

बाळ स्तन ओढतं तेव्हा आईच्या मेंदूकडे निरोप जातो. त्यातून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करायला लावतं, ऑक्सिटोसिन तयार झालेलं दूध पुढे ढकलतं. यालाच आपण पान्हा फुटणं म्हणतो. स्तन रिकामा होत राहिला की नवं दूध भराभर बनतं. भरलेला राहिला की बनण्याचा वेग मंदावतो. डब्याच्या दुधाने बाळाचं पोट भरलं की त्या वेळचं ओढणं चुकतं, आणि शरीर तेवढं दूध बनवणं कमी करतं. प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून "रात्री आईला झोपू द्या, आम्ही बाटली देतो" ही माया पहिल्या काही आठवड्यांत महागात पडते. आईला झोप हवीच, पण ती दिवसा बाळ झोपलेलं असताना मिळवून द्या. पाजणं सोडून बाकीचं सगळं काम घरातल्यांना करता येतं.

स्तनाच्या आकाराचा दुधाशी संबंध नाही. आकार मुख्यतः चरबीमुळे ठरतो, दूध बनवणाऱ्या ग्रंथी वेगळ्या.

पहिला तास आणि चीक

बाळ जन्मल्यावर पहिल्या तासाभरात अंगावर घ्यायचं असतं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात फक्त ४१.८ टक्के बाळांना हे मिळालेलं दिसतं. बाळ कोरडं करून, कपडे न घालता, आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवावं आणि वरून दुपटं पांघरावं. आईच्या अंगाची ऊब बाळाला पुरते. बरीच बाळं अर्ध्या-एक तासात स्वतःच तोंड उघडून शोधायला लागतात. सिझेरियन झालं असेल तरी हे जमतं. कमरेत भूल दिली असेल तर आई जागी असते. नर्सने किंवा घरच्या बाईने बाळाला आईच्या कुशीला आडवं लावून द्यायचं, म्हणजे टाक्यांवर भार येत नाही. सिझेरियननंतर दूध भरायला एखादा दिवस जास्त लागू शकतो, त्याने घाबरायचं कारण नाही.

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक: घट्ट, पिवळसर, थेंब-थेंब. गायीच्या चिकाचा खरवस आपण शेजारीपाजारी वाटतो, आणि बाळंतिणीचा चीक मात्र "घाण दूध" म्हणून पिळून टाकायला सांगणारी घरं अजून आहेत. त्यात रोगांशी लढणारी प्रतिद्रव्यं ठासून भरलेली असतात, शिवाय त्याने बाळाची पहिली काळी शी लवकर बाहेर पडते. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी साधारण २ ते १० मिली घेतं. ५ मिली म्हणजे एक छोटा चमचा. दाबून दोनच थेंब आले म्हणून दूध नाही, असा निष्कर्ष काढू नका. दुसऱ्या दिवशी एका वेळी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३० मिली असं ते वाढत जातं आणि दूध भरून येतं ते साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान.

या काळात मध, गूळपाणी, साखरपाणी, सहाणेवर उगाळलेली गुटी, ग्राइप वॉटर यांतलं काहीही बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नका. मधाची गोष्ट जास्त गंभीर आहे. त्यात बोट्युलिझम करणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून अंग लुळं पडू शकतं, श्वास अडकू शकतो. बोटाला लावून चाटवलेला मधसुद्धा त्यात आला. आजीला रीत करायचीच असेल तर मध बाळाच्या जिभेऐवजी आईच्या पानात वाढा.

दुसऱ्या रात्री बाळ जवळजवळ सतत मागतं. तोही दूध नसल्याचा पुरावा नाही. दूध वाढवण्याचा हा त्याचा स्वतःचा मार्ग आहे. पहिले काही आठवडे २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं होतंच. बाळाचं वजन जन्माच्या वजनावर परत येईपर्यंत तीन तासांपेक्षा जास्त झोपलं तर उठवून पाजा.

बाळाला नीट लावणं

आमच्या मते ज्या एका गोष्टीवर सगळ्यात जास्त वेळ खर्च करायला हवा ती ही. "पहिलटकरणीला दुखतंच, सोस थोडं" हे वाक्य घराघरात ऐकू येतं. सुरुवातीची काही सेकंद ओढ जाणवणं वेगळं. पाजून होईपर्यंत कळ येत राहिली तर बाळाने फक्त निपल तोंडात धरलं आहे असं समजा. त्यात दोन नुकसानं होतात: निपलला चिरा पडतात, आणि दूधही कमी निघतं, कारण दूध निघायला निपलमागचा भाग दाबला जावा लागतो.

१. पाठीला टेका, पायाखाली पाट किंवा उशी, मांडीवर उशी. वाकून स्तन बाळाकडे नेऊ नका, बाळाला स्वतःकडे आणा.

२. बाळाचं डोकं, पाठ आणि कुल्ले एका रेषेत हवेत आणि पोट आईच्या पोटाला भिडलेलं. मान वळवून प्यावं लागलं तर गिळता येत नाही. स्वतः मान वळवून पाणी पिऊन बघा, लगेच कळेल.

३. बाळाचं नाक निपलच्या समोर येऊ द्या. निपलने वरच्या ओठाला हलकेच स्पर्श करा आणि थांबा. तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडेपर्यंत धीर धरा.

४. उघडलं की खांद्यामागून आधार देऊन बाळाला झटकन जवळ घ्या, हनुवटी आधी टेकली पाहिजे. डोक्यामागे हात दाबू नका, बाळ मागे रेटा देतं.

५. आता वरून पाहा. निपलभोवतीचा काळसर भाग बाळाच्या वरच्या ओठावर जास्त दिसायला हवा, खालच्या ओठाखाली कमी. खालचा ओठ बाहेर मुडपलेला, गाल भरलेले, हनुवटी स्तनात रुतलेली.

६. सुरुवातीला भराभर, मग संथ आणि खोल ओढ दिसते, मधूनच घुटका गिळल्याचा आवाज येतो. चटचट असा आवाज येत असेल, गालाला खळ्या पडत असतील, तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. नुसतं ओढून काढू नका, त्यानेच चिरा पडतात.

पाजून झाल्यावर निपलकडे बघायची सवय लावा. गोल आणि थोडं लांबलेलं असेल तर ठीक. नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं चपटं झालेलं, किंवा पांढरी रेघ उमटलेली दिसली, तर पकड उथळ होती. चार-पाच दिवस नीट प्रयत्न करूनही जमलं नाही तर स्तनपान समुपदेशक किंवा बालरोगतज्ज्ञाला दाखवा. कधी कधी बाळाच्या जिभेखालचा पडदा आखूड असतो. निपल चपटं आहे म्हणून पाजता येणार नाही, हाही गैरसमज. बाळ स्तनावर पितं. तोंड पुरेसं उघडलं तर चपट्या निपलवरही बहुतेकांना जमतं.

एका बाजूने किती वेळ पाजायचं? घड्याळ लावून दहा मिनिटांनी बाजू बदलायची गरज नाही. बाळ स्वतः सोडेपर्यंत एका बाजूला राहू द्या, मग दुसरी बाजू दाखवा, पुढच्या वेळी सुरुवात त्या दुसऱ्या बाजूने करा. सुरुवातीचं दूध निळसर आणि पातळ दिसतं, जसजसा स्तन रिकामा होतो तसतसा स्निग्धांश वाढतो. "हिचं दूध पाण्यासारखं आहे" असं जे म्हणतात ते सुरुवातीच्या दुधाकडे बघून. अर्ध्यात बाजू बदलत राहिलं तर बाळाला शेवटचं घट्ट दूध कमी मिळतं.

पुरतंय की नाही: लंगोट मोजा

आत किती गेलं ते दिसत नाही, बाहेर किती आलं ते दिसतं. पहिल्या दिवशी निदान एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत पाचव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त भरगच्च ओले लंगोट. डायपर वापरत असाल तर भिजलेला कसा जड लागतो ते कळण्यासाठी कोऱ्या डायपरवर मोठे तीन चमचे पाणी ओतून हातात धरून बघा. शीचा रंग पहिले दोन दिवस डांबरासारखा काळा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवट, पाचव्या दिवसापर्यंत मोहरीसारखी पिवळी आणि रवाळ. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी डाग दिसला तर चालतो. पाचव्या दिवसानंतरही दिसला तर बाळाला दूध कमी जातंय.

पहिल्या काही दिवसांत जन्माच्या वजनाच्या ७ ते १० टक्के वजन उतरतं आणि १० ते १४ दिवसांत भरून निघतं. मग पहिले तीन महिने दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ हवी. वजन नेहमी एकाच काट्यावर, उघड्या अंगाने करा आणि आठवड्याच्या अंतराने बघा. रोज केलं तर नुसती धास्ती वाढते. काटा अंगणवाडीत असतो.

आता ज्या गोष्टींवरून लोक "दूध कमी आहे" ठरवतात, त्या बघा. बाळ मुठी चोखतं, सगळीच चोखतात. संध्याकाळी दोन तास किरकिरतं आणि सारखं मागतं. पहिल्या तीन महिन्यांत हे फार सर्रास दिसतं. पाजल्यावर बाटली दिली तर तीही पितं. तोंडात धार आली की गिळणं ही बाळाची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. पंपाने ३० मिलीच निघालं. पंप बाळाइतकं काढू शकत नाही. दीड महिन्याने छाती मऊ पडली, गळणं थांबलं. याचा अर्थ शरीराला मागणीचा अंदाज आला. दोन-तीन आठवडे, दीड महिना आणि तीन महिन्यांच्या सुमारास एखाद-दोन दिवस बाळ अचानक दुप्पट मागतं. त्या दिवसांत पाजत राहिलं की दूध वाढतं, डबा आणला की वाढायचं राहतं.

पण खरोखर कमी पडतं अशाही आया असतात, आणि त्यांना "तू प्रयत्न करत नाहीस" असं ऐकवणं क्रूर आहे. थायरॉइडचा विकार, बाळंतपणात फार रक्त जाणं, वारेचा तुकडा आत राहणं, स्तनावर आधी झालेली शस्त्रक्रिया, ग्रंथींची अपुरी वाढ अशी कारणं असू शकतात. पाचव्या दिवसानंतर सहापेक्षा कमी लंगोट, गडद पिवळी शू, उठवूनही न उठणारं सुस्त बाळ, १० टक्क्यांहून जास्त उतरलेलं वजन, चौदाव्या दिवसापर्यंत जन्माचं वजन न गाठणं, तळहात-तळपायापर्यंत पोचलेली कावीळ किंवा ताप, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. वरचं दूध द्यायची वेळ आली तर आधी आईचं काढलेलं, मग मिळालं तर दुग्धपेढीतलं (इतर आयांनी दान केलेलं), आणि तेही नसेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं पावडरचं. प्रत्येक वेळी वाटी-चमच्याने द्या आणि त्याच वेळी आईने दूध काढावं, म्हणजे शरीराकडे जाणारा निरोप चुकत नाही. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली सुरू झालेली दुग्धपेढी आशियातली पहिली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी आता इतरही अनेक रुग्णालयांत अशी सोय आहे.

उन्हाळ्यातलं पाणी

आईच्या दुधात जवळपास ८७ टक्के पाणीच असतं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यातही सहा महिन्यांपर्यंत बाळाला वेगळं पाणी लागत नाही, फक्त ते जास्त वेळा मागेल. चमचा-दोन चमचे पाण्याने छोटंसं पोट भरतं, दूध मागे पडतं, आणि पाणी शुद्ध नसेल तर जुलाब ठरलेले. वेगळं द्यायचं ते फक्त जीवनसत्त्व ड चे थेंब, दिवसाला ४०० आययू, कारण ते आईच्या दुधात पुरेसं नसतं. आणि डॉक्टरांनी सांगितलेलं औषध.

आईचं ताट

वांगं नको, डाळ नको, दही नको, केळं नको, पाणीसुद्धा कोमट आणि मोजून. अशा बंदीत कित्येक बाळंतिणी वरण-भात आणि तुपावर महिना काढतात. दूध आईच्या रक्तातल्या घटकांपासून बनतं. कोबीने आईच्या पोटात झालेला वायू रक्तात उतरत नाही, त्यामुळे दुधातही येत नाही. लसणासारख्या पदार्थांचा वास-चव थोडी उतरते, बाळाला त्याचा त्रास नसतो. एखाद्या पदार्थानंतर दर वेळी बाळाच्या शीत रक्त किंवा अंगावर पुरळ दिसलं, तरच डॉक्टरांच्या सल्ल्याने तो पदार्थ थांबवायचा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पहिल्या सहा महिन्यांत आईला रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात. ताटात सांगायचं तर नेहमीच्या जेवणावर दोन भाकऱ्या, वाटीभर घट्ट वरण, पेलाभर दूध आणि एक छोटा लाडू. अळिवाची खीर, डिंकाचे-मेथीचे लाडू अन्न म्हणून चांगलेच; अळिवात लोह भरपूर असतं. ते दूध वाढवणारं औषध आहे असं मानून दिवसाला चार लाडू आणि पाजणं मात्र पाचच वेळा, असं केलं तर वजन वाढेल, दूध नाही. पाणी तहानेप्रमाणे, पाजायला बसताना शेजारी तांब्या ठेवला की पुरतं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस चालू ठेवा. मिश्री लावत असाल किंवा तंबाखू खात असाल तर हे सोडण्याचं सगळ्यात मोठं कारण तुमच्या मांडीवर आहे. निकोटिन दुधात उतरतं.

"उन्हातून आलीस, दूध तापलंय, पिळून टाक" आणि "दिवसभर कामावर होतीस, दूध शिळं झालं" ही दोन्ही वाक्यं विसरा. स्तनातलं दूध तापत नाही, नासत नाही, शिळं होत नाही. साधा ताप, सर्दी, जुलाब असताना पाजणं चालूच ठेवायचं. आईच्या शरीराने त्या आजाराविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं दुधातून बाळाला मिळतात. पॅरासिटामॉल चालतं. केमोथेरपी किंवा किरणोत्सारी आयोडीन चालू असेल, किंवा बाळाला गॅलॅक्टोसेमिया हा दुर्मीळ आजार असेल तेव्हा पाजणं थांबवावं लागतं. आईला एचआयव्ही असेल तरी औषधं नियमित चालू असताना पाजता येतं. त्याचा निर्णय एआरटी केंद्राच्या (एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्राच्या) डॉक्टरांबरोबर घ्या. बाळाच्या साध्या काविळीत दूध तोडायचं नसतं, उलट जास्त वेळा पाजायचं. कोवळं ऊन दाखवणं हा काविळीचा उपचार नाही. डॉक्टरांनी निळ्या दिव्याखाली ठेवायला सांगितलं तर वेळ घालवू नका.

दूध दाटलं तर

तिसऱ्या-पाचव्या दिवशी छाती दगडासारखी होते, निपल ताणून सपाट होतं आणि बाळाला पकडता येत नाही. पाजण्याआधी दोन-तीन मिनिटं कोमट फडक्याने शेका, बोटांच्या टोकांनी निपलभोवती एक मिनिट आत दाबून तो भाग मऊ करा, थोडं दूध हाताने काढा आणि मग बाळाला लावा. पाजून झाल्यावर दहा मिनिटं गार फडकं. मालिशवाल्या बाईकडून गाठ रगडून फोडून घेणं टाळा. आतल्या नाजूक नळ्यांना सूज येऊन दुखणं वाढतं. लाल चट्टा, थंडी वाजून ताप आणि २४ तासांत उतार नाही, तर डॉक्टरांना दाखवा. अँटिबायोटिक लागलं तरी त्या बाजूने पाजणं चालू ठेवायचं.

हाताने दूध काढणं आणि कामावर परतणं

हे प्रत्येकीला यायला हवं, पंप असो वा नसो. हात साबणाने धुवा, रुंद तोंडाची स्टीलची वाटी उकळून घ्या. अंगठा वर आणि तर्जनी खाली, निपलपासून दोन-तीन सेंटिमीटर मागे. आधी सरळ छातीच्या दिशेने दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. बोटं कातडीवर घसरू देऊ नका आणि निपल चिमटू नका. पहिलं मिनिटभर काहीच येणार नाही, मग थेंब, मग धार. धार मंदावली की बोटं फिरवून दुसऱ्या बाजूचा भाग दाबा. दोन्ही स्तन आलटून पालटून वीस-तीस मिनिटं.

काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास राहतं. आपल्या उन्हाळ्यात ते धरून चालू नका, लगेच फ्रिजमध्ये ठेवा. दारात नको, आतल्या कप्प्यात, तारीख-वेळ लिहून, आणि २४ तासांत वापरलेलं बरं. साय वर तरंगते, ते नासल्याचं लक्षण नाही. भांडं हलकेच फिरवा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका, कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा. बाळाचं उष्टं उरलेलं दोन तासांनंतर टाकून द्या. वाटी-चमचा किंवा बोंडलं चालेल, दर वेळी उकळून.

कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. परतल्यावर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन सुट्ट्या, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक आहे. रजेच्या अर्जाबरोबरच हे लेखी मागा. कामावर जाण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून रोज सकाळी एकदा दूध काढायला लागा.

आणि एक गैरसमज, ज्याने वर्षाच्या आत पुन्हा दिवस जातात: अंगावर पाजतेय म्हणून दिवस राहत नाहीत. हे तिन्ही अटी एकत्र पाळल्या तरच बहुतांशी खरं आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी परत आलेली नाही, आणि बाळाला दुसरं काहीही न देता दिवसा चार व रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड न पाडता पाजणं. एक अट मोडली की त्याच दिवसापासून दुसरं साधन वापरा. दुधावर परिणाम न करणारी साधनं सरकारी दवाखान्यातही मिळतात.

सहा महिने पूर्ण झाले की उष्टावण करा, दोन-तीन चमचे मऊ अन्नापासून. म्हणून दूध बंद करायचं नाही. सहा महिने ते वर्षाच्या बाळाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त आणि दुसऱ्या वर्षात सुमारे एक तृतीयांश ऊर्जा आईच्या दुधातून मिळू शकते, आणि बाळ आजारी पडून जेवण नाकारतं तेव्हा बहुतेकदा तेवढंच त्याच्या पोटात टिकतं.